गर्दी हटली, रक्तपेढी टिकली : वऱ्हाडातल्या रक्तसेवेची वाटचाल

वऱ्हाडातल्या रक्तपेढ्यांचं वर्ष जयंत्या-पुण्यतिथ्यांवर चालत आलेलं आहे. १२ जानेवारीला युवक दिन, १९ फेब्रुवारीला शिवजयंती, १४ एप्रिलला भीमजयंती, पावसाळा सरता सरता गणेशोत्सव, दिवाळीच्या आगेमागे मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव, मग ६ डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन, २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी आणि २७ डिसेंबरला भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांची जयंती. या दिवसांना मांडव पडतो, खाटा लागतात, सतरंजीवर पोरं रांगेत बसतात आणि संध्याकाळपर्यंत रक्तपेढीची गाडी बॅगांनी भरून परतते. मधले दिवस कॉलेजांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं भरून काढतात. एप्रिल-मे मात्र दरवर्षीच कठीण जातो. परीक्षा संपलेल्या असतात, पोरं गावी गेलेली असतात, लग्नसराई असते आणि वऱ्हाडातलं ऊन दुपारी माणसाला घराबाहेर पडू देत नाही.

२०२० साली हे वर्षच पुसलं गेलं. २२ मार्चला जनता कर्फ्यू, २३ मार्चपासून राज्यात संचारबंदी, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी. चार माणसं एकत्र येणं गुन्हा ठरलं आणि रक्तपेढी तर चारशे माणसं एकत्र येण्यावर उभी होती. पुढच्या दोन वर्षांत अमरावती आणि अकोल्याची रक्तसेवा बंद पडली नाही. ती का पडली नाही, कुठे गचके खाल्ले आणि त्यातून काय शिकायचं, हे नीट लिहून ठेवायला हवं. पुढचं संकट कोणत्या रूपाने येईल ते सांगता येत नाही, पण रक्त तेव्हाही माणसाच्याच दंडातून काढावं लागणार आहे.

विकतच्या रक्तापासून स्वेच्छेच्या रक्तापर्यंत

कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रक्तगट शोधले. त्यांच्या जन्मदिवशी, १४ जूनला, जग आज रक्तदाता दिन पाळतं. भारतात रक्तपेढ्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रुजू लागल्या. मुंबईत लीला मुळगांवकरांनी पन्नाशीच्या दशकात स्वेच्छा रक्तदानाची चळवळ उभी केली. पण ती लाट मोठ्या शहरांपुरती राहिली. जिल्ह्याच्या गावात रक्त मिळायचे रस्ते दोनच होते : नातेवाइकाने द्यायचं किंवा पैसे घेऊन देणाऱ्याला शोधायचं. धंदेवाईक दाता आठवड्याला कुठे ना कुठे रक्त विकायचा. त्याच्या रक्तात हिमोग्लोबिन किती, आजार कोणता, हे विचारणारं कोणी नव्हतं.

१९८६ साली भारतात एचआयव्हीचा पहिला रुग्ण सापडला आणि रक्ताच्या बाटलीकडे बघण्याची नजर बदलली. १९८९ पासून एचआयव्हीची चाचणी सक्तीची झाली. रक्तपेढ्यांच्या दुरवस्थेवर ‘कॉमन कॉज’ या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि ४ जानेवारी १९९६ ला न्यायालयाने निकाल दिला : दोन वर्षांत धंदेवाईक रक्तदान पूर्ण बंद करा, विनापरवाना रक्तपेढ्या बंद करा, राष्ट्रीय आणि राज्य पातळीवर रक्त संक्रमण परिषदा नेमा. १ जानेवारी १९९८ पासून पैसे देऊन रक्त घेणं बेकायदा झालं. महाराष्ट्राची राज्य रक्त संक्रमण परिषद याच निकालातून १९९७ साली जन्मली. २००२ साली राष्ट्रीय रक्त धोरण आलं.

विकतचं रक्त बंद झालं तेव्हा ती पोकळी कोणी भरून काढली, या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्राला अभिमान वाटावा असं आहे. तरुण मंडळं, गणेश मंडळं, जयंती उत्सव समित्या, कॉलेजं, कारखाने, पोलीस आणि राजकीय कार्यकर्ते पुढे आले. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला फलक लावण्याबरोबर शिबिरही भरवायचं, ही रीत इथे पडली. महामारीच्या आदल्या वर्षी, २०१९ साली, महाराष्ट्राने सतरा लाखांहून अधिक रक्तपिशव्या गोळा केल्या आणि देशात पहिला क्रमांक राखला. या पद्धतीचं बळ गर्दीत होतं आणि दुबळेपणाही गर्दीतच होता. तो तोवर उघडा पडला नव्हता, इतकंच.

दोन जिल्हे आणि मागे उभा मेळघाट

अमरावतीत कोणाला रक्त लागलं की पहिलं नाव निघतं ते इर्विनचं, म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालयाचं. बाळंतिणीसाठी डफरीन. शिवाजी शिक्षण संस्थेने १९८४ साली सुरू केलेलं डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी ‘पीडीएमसी’. अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय, जे २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, आणि बाळंतपणांसाठी लेडी हार्डिंग. यांच्या जोडीला दोन्ही शहरांत धर्मादाय न्यासांच्या रक्तपेढ्या आहेत. सर्वोपचारच्या आवारात वाशीम आणि बुलढाण्याच्या नंबरप्लेटच्या गाड्या रोज दिसतात. म्हणजे अकोल्याचं रक्त फक्त अकोल्याचं नसतं.

किती रक्त लागतं? लोकसंख्येच्या एक टक्का इतक्या रक्तपिशव्या वर्षाला हव्यात, असं जागतिक आरोग्य संघटनेचं ढोबळ गणित आहे. २०११ च्या जनगणनेत अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाख ८८ हजार, अकोल्याची १८ लाख १४ हजार होती. म्हणजे अमरावतीला दिवसाला साधारण ८० पिशव्या, अकोल्याला ५०. रोज, रविवार धरून.

हे रक्त जातं कुठे? अपघात आणि शस्त्रक्रिया चटकन डोळ्यांसमोर येतात. पण मोठा वाटा बाळंतपणातल्या रक्तस्रावाला आणि रक्तक्षयाला जातो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे रक्ताची सर्वांत जास्त गरज ज्यांना, त्यांच्यापैकीच कितीतरी जणी हिमोग्लोबिन कमी म्हणून दान करू शकत नाहीत. त्यानंतर येतात आयुष्यभर रक्तावर जगणारी माणसं. फाळणीनंतर अकोल्याच्या सिंधी कॅम्पात आणि अमरावतीत स्थायिक झालेल्या सिंधी कुटुंबांत थॅलेसेमियाचं प्रमाण अधिक आहे. हा आजार इतर समाजांतही आहे. विदर्भातल्या आदिवासी आणि इतर काही समाजांत सिकलसेल आहे. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं. त्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलता येत नाही, कारण शस्त्रक्रिया नसतेच. रक्त हेच त्याचं औषध आणि तेच त्याचं रोजचं जगणं.

आणि या सगळ्याच्या पाठीशी मेळघाट, अमरावती जिल्ह्यातला डोंगराळ आदिवासी भाग. ऐंशीच्या दशकात डॉ. रवींद्र कोल्हे बैरागडला जायला निघाले तेव्हा त्यांना जाणत्यांनी बजावलं होतं की तिथे टिकायचं तर तीन गोष्टी यायला हव्यात : सोनोग्राफी आणि रक्त हाताशी नसताना बाळंतपण करणं, एक्स-रेशिवाय न्यूमोनिया ओळखणं आणि अतिसार बरा करणं. रवींद्र आणि स्मिता कोल्हे यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. पण त्या तीन अटींतली पहिली अट मेळघाटाने आजही पुरती मागे टाकलेली नाही. अमरावतीहून परतवाडा, सेमाडोह, हरिसाल करत धारणी गाठायचं म्हणजे दीडशे किलोमीटरच्या घरातला घाटरस्ता. राज्य सरकारने २०१४ साली ‘जीवन अमृत सेवा’ सुरू केली. १०४ क्रमांकावर फोन करा, जिल्हा रुग्णालयापासून ४० किलोमीटरच्या आत तासाभरात रक्त पोचेल, अशी ती योजना होती. चांगली होती, पण ते ४० किलोमीटर परतवाड्याच्या अलीकडेच संपत होते. २०२२ साली ती बंद झाली.

मार्च २०२० : आधी मागणी घटली, मग दाते

टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यांत रक्तपेढ्यांत वेगळंच चित्र होतं. वाहनं थांबली म्हणून अपघात घटले. ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे गेल्या. मागणी उतरली आणि थोडा श्वास मिळाला. पण रक्ताला साठवणुकीची मुदत असते. तांबड्या पेशी २ ते ६ अंश तापमानात ३५ दिवस टिकतात, विशेष द्रावण घातलं तर ४२. प्लेटलेट पाचच दिवस, त्याही सतत हलत्या ठेवल्या तर. प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवता येतो, पण तो तांबड्या पेशींची जागा घेत नाही. म्हणजे मार्चमधली शिल्लक एप्रिलअखेर मोडीत निघणार, हे गणित कुठल्याही तंत्रज्ञाला बोटांवर करता येत होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही शहरांत करोनाचे पहिले रुग्ण निघाले. अमरावतीत हाथीपुरा, अकोल्यात बैदपुरा, हे भाग सील झाले. त्या वर्षी १४ एप्रिलला भीमजयंती घराघरांत साजरी झाली, मांडवात नाही. एरवी या दिवशी वऱ्हाडात जमणारं रक्त उन्हाळ्याच्या तोंडावर मोठा आधार असतं. १४ एप्रिलची पिशवी १९ मेपर्यंत चालते. तो आधारच गेला.

राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने मार्चअखेर सूचना काढल्या. बाधित देशांतून आलेले, रुग्णाच्या संपर्कातले आणि आजारातून बरे झालेले यांनी २८ दिवस रक्तदान करू नये; शिबिरात अंतर राखावं; मोठी गर्दी टाळून रक्तदात्यांना वेळ वाटून द्यावी. श्वसनमार्गाचे विषाणू रक्तातून पसरल्याचं दिसलेलं नाही, हेही स्पष्ट सांगितलं गेलं. पण लोकांच्या मनातली भीती परिपत्रकाने जात नाही. रक्त दिलं की प्रतिकारशक्ती कमी होते, दवाखान्यात पाय ठेवला की करोना घेऊनच घरी यायचं, अशी कुजबुज गल्लोगल्ली होती. त्यात चौकात पोलीस उभे. दुचाकीवर एकटा निघालेला दाता ‘रक्त द्यायला चाललो’ म्हणाला तर त्याने दाखवायचं काय, हा प्रश्न खरा होता. रक्तपेढीचं पत्र, फोनवरचा संदेश किंवा पोलीस ठाण्याशी झालेलं बोलणं यांतून वाट काढावी लागली.

या काळात एक शांत बदल झाला आणि तोच या वाटचालीचा गाभा आहे. रक्तपेढीने दात्याकडे जायचं सोडून दात्याला बोलवायला सुरुवात केली. जुन्या शिबिरांची नोंदवही निघाली. नाव, गट, फोन, शेवटच्या दानाची तारीख. पुरुषाला दोन दानांत ९० दिवसांचं अंतर लागतं, बाईला १२०. तेवढे दिवस झालेले दाते निवडायचे आणि एकेकाला फोन लावायचा : “दादा, बी पॉझिटिव्हची गरज आहे. उद्या अकराला येता का?” सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मंगल कार्यालयाच्या रिकाम्या सभागृहात, पोलीस मुख्यालयात, पंधरा-वीस दात्यांची शिबिरं होऊ लागली. शेकडोंच्या शिबिरावर पोसलेल्या व्यवस्थेला वीसजणांच्या शिबिराचं मोल पहिल्यांदा कळलं.

एक दान, जवळून

बाहेरून बघणाऱ्याला रक्तदान म्हणजे एक सुई आणि एक पिशवी वाटते. महामारीत या साध्या वाटणाऱ्या कामाची प्रत्येक पायरी जड झाली होती.

दाता दारात आला की तापमान, हात धुणं, मास्क. मग प्रश्नावली : ताप, खोकला, संपर्क, प्रवास, औषधं. वय १८ ते ६५ मध्ये आहे ना, वजन किमान ४५ किलो आहे ना. नंतर बोटाच्या टोकाला टोचून रक्ताचा एक थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात. थेंब तळाशी गेला तर हिमोग्लोबिन १२.५ किंवा वर आहे. तरंगला तर दात्याला आदराने परत पाठवायचं. द्रावणाची घनता अगदी नेमकी राखलेली असते, त्यावर या थेंबाचा निकाल अवलंबून. मग दंडाला पट्टा, ३५० किंवा ४५० मिलिलिटरची पिशवी, सहा-आठ मिनिटं. एरवी दात्याला हसतं-बोलतं ठेवणारा तंत्रज्ञ त्या दिवसांत पूर्ण संरक्षक पोशाखात असायचा. मे महिन्याच्या अखेरीस अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. त्या पोशाखात, प्लास्टिकच्या आवरणाखाली घामाने निथळत, शीर शोधायची. दात्याच्या डोळ्यांतली भीती त्याला दिसायची, पण त्याचं हसू दात्याला दिसत नव्हतं.

पिशवी रक्तपेढीत आल्यावर खरं काम सुरू होतं. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गरमी, हिवताप या चाचण्या. मग शीत सेंट्रिफ्युजमध्ये पिशवी गरगरा फिरवून तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा वेगळा करायचा. एका दात्याचं रक्त असं तीन जणांना उपयोगी पडतं. शेवटी रुग्णाचा नमुना आला की क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त जुळतं का ते बघणं. इतकं झाल्यावर पिशवी खिडकीतून बाहेर जाते आणि तीही रात्री-बेरात्री. तंत्रज्ञाच्या घरचा कोणी विलगीकरणात गेला की या साखळीचा एक दुवा तुटायचा. इतर कर्मचारी दुप्पट पाळी करून तो जोडायचे. वैद्यकीय सेवेतल्या लोकांसाठी थाळ्या वाजल्या त्यात रक्तपेढीच्या तंत्रज्ञाचा वाटा फार कमी लोकांच्या ध्यानात आला. तो इथे नोंदवतो.

थॅलेसेमियाची मुलं आणि बंद बस

सगळ्यांत कठीण काळ आयुष्यभर रक्त घेणाऱ्यांचा गेला. अमरावतीच्या जिल्हा रुग्णालयात ठाणे, नाशिक आणि साताऱ्याबरोबर राज्याच्या पहिल्या फळीतलं हिमोफिलिया आणि रक्तविकारांचं डे-केअर केंद्र आहे. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त मोफत द्यायचं, हे धोरण आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात या तिन्ही आजारांचा समावेश झाला. म्हणजे कागदावरचा हक्क होता. पण एसटी बंद होती. अंजनगावहून, दर्यापूरहून, तेल्हाऱ्याहून तीन आठवड्यांनी येणारं पोर आता कसं येणार? खासगी गाडीचं भाडं कुठून आणायचं? हिमोग्लोबिन नऊच्या खाली गेलं की मूल मलूल होतं, सातवर आलं की धाप लागते. आईबापांना रक्ताचा गट जसा पाठ असतो तशी ही लक्षणंही पाठ असतात.

या मुलांसाठी रक्त राखून ठेवणं, त्यांची तारीख सांभाळणं, शक्य तिथे स्थानिक रुग्णालयाशी बोलून तिथेच रक्त चढवण्याची सोय करणं, हे काम डॉक्टर, रक्तपेढ्या आणि पालकांच्या गटांनी मिळून केलं. पालकांनी आपसांत व्हॉट्सॲपवर याद्या फिरवल्या : कोणाला कधी, कोणता गट, दाता कोण. एका पोराला एकच ठरलेला दात्यांचा गट ‘दत्तक’ देण्याची कल्पना अनेक ठिकाणी या काळात पक्की झाली. आठ-दहा दाते एका मुलाच्या नावावर, आळीपाळीने. गर्दी लागत नाही, मांडव लागत नाही, आणि मुलाच्या आईला दर वेळी नवा माणूस शोधत हात जोडावे लागत नाहीत.

प्लाझ्माचा ध्यास

२०२० च्या उन्हाळ्यात सगळ्या देशाला रक्ताच्या एका भागाने वेड लावलं. करोनातून बऱ्या झालेल्याचा प्लाझ्मा आजाऱ्याला दिला तर त्यातली प्रतिद्रव्यं उपयोगी पडतील, ही आशा होती. महाराष्ट्राने २९ जूनला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत ‘प्लॅटिना’ नावाची मोठी चाचणी सुरू केली. बरे झालेले पोलीस आणि कर्मचारी प्लाझ्मा द्यायला पुढे आले. दरम्यान भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर केलेल्या चाचणीचा निष्कर्ष ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाला : प्लाझ्माने आजार बळावणं थांबत नाही, मृत्यूही कमी होत नाहीत. तरी दुसऱ्या लाटेत मोबाइलवर ‘प्लाझ्मा हवा’ हे संदेश रात्रंदिवस फिरत राहिले. १७ मे २०२१ ला प्लाझ्मा उपचार अधिकृत मार्गदर्शक सूचनांतून वगळला गेला.

प्लाझ्मा दात्यांचं मोल यामुळे कमी होत नाही. त्यांनी मनापासून दिलं. पण त्या काळात प्लाझ्मा शोधायला जितकी माणसं धावली, त्याच्या थोड्या भागानेही साधं रक्त शोधलं असतं तर बाळंतिणींसाठी आणि मुलांसाठी रोजची ओढाताण कमी झाली असती. समाजाची धाव नेहमी चर्चेतल्या औषधामागे जाते. साधं रक्त हे केव्हाच सिद्ध झालेलं औषध आहे म्हणून त्याची बातमी होत नाही.

डिसेंबरचा पूर, फेब्रुवारीचा दुष्काळ

२०२० चा श्रावण आला आणि अकोल्याच्या राजराजेश्वराला गांधीग्रामच्या पूर्णेचं पाणी घेऊन येणारी कावड यात्रा नेहमीच्या जल्लोषात निघाली नाही. गणपती छोटे झाले, मंडळांचे मांडव नव्हते. मात्र रुग्णालयांत पुढे ढकललेल्या शस्त्रक्रिया परत सुरू झाल्या. मागणी पूर्वपदावर आली, दाते आले नाहीत, कारण कॉलेजं अजून बंद होती. डिसेंबरच्या सुरुवातीला राज्यात मोजक्या दिवसांचा साठा उरला. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रक्तदानाचं आवाहन केलं. आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी १२ डिसेंबरपासून शासकीय रुग्णालयांत रक्त मोफत देण्याची घोषणा केली. त्या दिवशी शरद पवारांचा ८० वा वाढदिवस होता आणि राज्यभर शिबिरं झाली. महाराष्ट्र पुन्हा धावून आला.

आता पुढचं गणित बघा, कारण वऱ्हाडातल्या वाचकाने ते समजून घेणं फार गरजेचं आहे. १२ डिसेंबरला घेतलेल्या तांबड्या पेशींची ३५ दिवसांची मुदत १६ जानेवारीला संपते, ४२ दिवसांची २३ जानेवारीला. त्या दिवशी रक्त दिलेला पुरुष पुन्हा दान करू शकतो तो १२ मार्चनंतर. म्हणजे जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत पिशवीही संपलेली आणि दाताही अपात्र. नेमक्या याच खिंडीत विदर्भात दुसरी लाट आली. देशात सगळ्यांत आधी ज्या जिल्ह्यांत रुग्णसंख्या उसळली त्यात अमरावती पुढे होता. पालकमंत्री यशोमती ठाकूर यांनी घोषणा केली आणि २२ फेब्रुवारी २०२१ च्या रात्रीपासून अमरावती शहर आणि अचलपूर पुन्हा बंद झालं. अकोला, अकोट आणि मूर्तिजापूर हीही शहरं बंद झाली. उरलेल्या देशात आयुष्य सुरळीत होत असताना वऱ्हाड एकटं दाराआड बसलं. शिवजयंती नुकतीच निर्बंधांत पार पडली होती.

त्यात लसीकरणाची अडचण आली. ५ मार्चला राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने लशीच्या शेवटच्या मात्रेनंतर २८ दिवस रक्तदान न करण्याची सूचना काढली. दोन मात्रांतलं अंतर धरलं तर दाता दोन-अडीच महिने बाहेर. १ मे पासून १८ वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली होणार होती, म्हणजे दान करणारं सगळं वय एकाच वेळी रांगेत लागणार. म्हणून एप्रिलमध्ये गावोगाव एक साधी हाक दिली गेली : आधी रक्त द्या, मग लस घ्या. तरुणांनी ती ऐकली. ५ मे रोजी परिषदेने मुदत कमी करून प्रत्येक मात्रेनंतर १४ दिवसांवर आणली आणि कोंडी फुटली. त्याच पावसाळ्यात डेंग्यूने विदर्भ गाठला आणि पाच दिवस टिकणाऱ्या प्लेटलेटसाठी फोन वाजू लागले.

ही फक्त आपली गोष्ट नाही

जगात दरवर्षी सुमारे ११ कोटी ८५ लाख रक्तदानं होतात. त्यातली ४० टक्के श्रीमंत देशांत, जिथे जगाची १६ टक्के लोकसंख्या राहते. श्रीमंत देशांत हजारी सुमारे ३१ दानं होतात, कनिष्ठ मध्यम उत्पन्नाच्या देशांत सहा-सात, गरीब देशांत पाच. श्रीमंत देशांत रक्ताचा मोठा भाग साठीच्या पुढच्या रुग्णांना जातो. गरीब देशांत निम्म्याहून अधिक रक्त पाच वर्षांखालच्या मुलांना चढतं. रक्त कमी पडलं तर तिथे कोणाचा जीव जातो, हे या आकड्यांतून सरळ कळतं.

आफ्रिकेतल्या अनेक देशांत रक्ताचा मोठा भाग माध्यमिक शाळांच्या विद्यार्थ्यांकडून येतो. शाळा बंद झाल्या आणि त्यांच्या रक्तपेढ्याही आपल्याप्रमाणेच आटल्या. ब्रिटनसारख्या देशात ठरावीक केंद्रावर वेळ घेऊन येणारे नियमित दाते असतात. तिथेही झळ बसली, पण दात्याला घरून केंद्रावर एकट्याने येणं पूर्वीपासून अंगवळणी होतं. गरीब देशांत पैसा कमी, यंत्रं कमी हे खरंच आहे. पण महामारीने दाखवलेला मोठा फरक दात्याच्या सवयीचा आहे. समारंभापुरतं रक्त देणारा समाज समारंभ थांबला की थांबतो.

पुढची वाट

दोन वर्षांत वऱ्हाडाने पदरी पाडलेल्या गोष्टी थोड्या नाहीत. छोटी शिबिरं, वेळ ठरवून येणारा दाता, मुलांना दत्तक घेतलेले दाते-गट, फोनवर चालणारी नोंदवही. सगळं सुरळीत झाल्यावर मोठ्या शिबिरांचा थाट परत आला, त्याचा आनंदच आहे. पण मोठं शिबिर आणि रोजचं रक्त यांत आपण निवड करायची नाही. दोन्ही हवेत, आणि मोठ्या शिबिराने रोजच्या रक्ताची यादी भरायची. ज्या मंडळाकडे २०० दाते आहेत त्याने सगळ्यांना एकाच दिवशी झोपवायचं कारण नाही. ५० जणांनी जयंतीला द्यावं, बाकीच्यांची नावं रक्तपेढीला द्यावीत आणि दर आठवड्याला दहा-दहाजण पाठवावेत. मंडळाचं नाव तेवढंच होईल आणि रक्त वाया जाणार नाही.

मेळघाटाचा हिशोब वेगळा आहे. धारणी-चिखलदऱ्याच्या बाजूला रक्त साठवणूक केंद्रं चालू ठेवायची तर वीज, तंत्रज्ञ आणि नियमित पुरवठा, तिन्ही लागतात. दूरच्या अमरावतीऐवजी मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरकडे धावणाऱ्या बाईला राज्याच्या सीमा कळत नाहीत. तिच्यासाठी रक्त घाटाच्या वरच असायला हवं. आणि रक्तक्षय कमी झाला तर रक्ताची मागणीच घटते. किशोरवयीन मुलींच्या लोहगोळ्या, गरोदरपणातली तपासणी, सिकलसेलची तपासणी, हीही रक्तसेवाच आहे. २०२३ साली केंद्राने सुरू केलेलं सिकलसेल निर्मूलन अभियान इथे मनापासून राबवलं गेलं पाहिजे.

२०२४ साली अमरावती, वाशीम आणि बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं मिळाली. वऱ्हाडाने यासाठी किती वर्षं मागणी केली ते सगळ्यांना ठाऊक आहे. नव्या रुग्णालयांत नव्या शस्त्रक्रिया होतील, अतिदक्षता विभाग वाढतील आणि रक्ताची रोजची गरज आजच्या पुढे जाईल. त्या महाविद्यालयांत शिकायला येणारी पोरं १८ वर्षांची आहेत. त्यांनी पहिल्याच वर्षी रक्तपेढीत नाव, गट आणि फोन नोंदवावा. दर तीन-चार महिन्यांनी, बोलावणं आलं की जाऊन यावं. त्यांच्याबरोबर गावातल्या प्रत्येक धडधाकट माणसाने एवढंच करावं. पुढची महामारी आली तर वऱ्हाडातल्या रक्तपेढीला शासनाच्या आवाहनाची वाट बघावी लागू नये. तिच्याजवळ आधीच पात्र असलेल्या दात्यांची यादी तयार असावी आणि फोन केला तर पलीकडून ‘येतो’ असं उत्तर यावं. तेवढी तयारी आपल्या हातातली आहे आणि ती आजच करता येते.